फुटली, पण विखुरली नाही

मुंबई-गोवा महामार्गावर पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडा उडतो आणि मागच्या गाडीच्या समोरच्या काचेवर आदळतो. काचेवर क्षणात कोळ्याचे जाळे उमटते. आतले दचकतात, चालक वेग कमी करून गाडी कडेला घेतो. काच बदलावी लागणार हे नक्की असते. पण तिचा तुकडा कुणाच्या डोळ्यात गेलेला नसतो. कारण ती नुसती काच नसते. दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये चिकटलेला जेमतेम पाऊण मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा थर, असे ते तीन पदरी काम असते. आपल्याकडे मोटारीच्या समोरच्या काचेसाठी अशी काच कायद्याने बंधनकारक आहे.

हाच मधला थर आणखी जाड करून अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात किनाऱ्यालगतच्या घरांच्या खिडक्यांत बसवतात. तिथे वर्षातले सहा महिने चक्रीवादळांचा हंगाम असतो. वादळात उडालेला लाकडी वासा खिडकीवर येऊन आदळला, तर काच तडकते. पण चौकट सोडत नाही. घर बंदच राहते आणि त्यामुळे अनेकदा छप्परही वाचते.

मोटारीची काच आणि वादळातली खिडकी, या दोन्हींचे मूळ पॅरिसमध्ये १९०३ साली फरशीवर पडलेल्या एका चंबूत आहे. तो चंबू होता एदुआर बेनेडिक्टस यांचा. फ्रेंच सजावटकलेच्या इतिहासात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मात्र रोज ज्या काचेआडून आपण रस्ता पाहतो, तीही त्यांचीच देणगी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रंग आणि रसायने

बेनेडिक्टस यांचा जन्म १८७८ सालचा, पॅरिसचा. आईकडून त्यांचे नाते सतराव्या शतकातले डच तत्त्वज्ञ स्पिनोझा यांच्या घराण्याशी जोडले जाते. स्पिनोझा पोटासाठी दुर्बिणींची आणि सूक्ष्मदर्शकांची भिंगे घासत. वयाच्या ४४व्या वर्षी फुप्फुसाच्या आजाराने ते गेले. काचेची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेल्याने हा आजार बळावला असावा, असे त्यांचे अनेक चरित्रकार मानतात. काचेपासून माणसाला होणारी इजा हा विषय या घराण्यात असा आधीच येऊन गेला होता.

बेनेडिक्टस यांचा ओढा मात्र रंगरेषांकडे होता. कातड्यावर उठावाची नक्षी काढणे, भिंतीवरचे कागद, गालिचे आणि पडद्याची कापडे यांचे आराखडे करणे, हे त्यांचे मुख्य काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगीतकार मोरिस रावेल यांच्याभोवती तरुण कवी, चित्रकार आणि वादकांचा एक अड्डा जमत असे. पॅरिसच्या बोलीत टपोरी पोरांना जे नाव होते तेच त्यांनी स्वतःला घेतले होते, ‘आपाश’. बेनेडिक्टसही त्या अड्ड्यातले एक होते.

त्याच वेळी त्यांना रसायनशास्त्राचा नाद होता. त्या काळी सजावटीचे काम करणाऱ्याला रंग, रोगण, गोंद, कातडे कमावण्याची द्रव्ये यांच्याशी रोजचाच संबंध येई. बेनेडिक्टस तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली आणि फावल्या वेळात नव्हे, तर चित्रकलेइतक्याच गांभीर्याने ते तिथे काम करत. फळ्यांवर बाटल्या आणि चंबू ओळीने लावलेले असत. त्यांतल्याच एका चंबूत कधी काळी कलोडियन ठेवलेले होते.

जखमेवरचे औषध

कलोडियन हा शब्द आता ऐकू येत नाही; पण त्याचा भाऊबंद घरोघरी असतो. नेलपॉलिश लावल्यावर त्यातला द्रव उडून जातो आणि नखावर चकचकीत, चिवट पापुद्रा उरतो. तो पापुद्रा बहुतांशी नायट्रोसेल्युलोजचा असतो. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान शोनबाइन यांनी १८४०च्या दशकात तो तयार केला. प्रथम लक्ष गेले ते त्याच्या स्फोटकपणाकडे, कारण बंदुकीच्या दारूपेक्षा तो जोरकस निघाला. मग तो इथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळतो आणि द्रव उडून गेला की पारदर्शक पापुद्रा मागे ठेवतो, हे कळले. या द्रावणाचे नाव कलोडियन.

त्याचा पहिला महत्त्वाचा उपयोग वैद्यकातला. १८४७च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनमध्ये जखमांवर कलोडियन लावून पाहिले गेले. त्वचेवर लावताच ते वाळे, आकसे आणि जखमेच्या दोन्ही कडा जवळ धरून ठेवी. पाण्याने निघत नसे, आतले दिसत असे. पट्टीशिवाय जखम मिटवण्याचा तो एक मार्ग होता. पुढे छायाचित्रकारांनी काचेवर कलोडियन पसरून छायाचित्रे घेतली. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड झाले. त्याच्या फण्या, गुंड्या आणि चित्रपटाच्या फिती झाल्या. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर टिपला, तीही याच कुळातली.

थोडक्यात, हे माणसाने वापरात आणलेले पहिल्या पिढीतले प्लॅस्टिक. जखमेच्या कडा धरून ठेवणारा हा पापुद्रा फुटलेली काचही धरून ठेवील, असे मात्र अर्धशतकभर कुणाच्या मनात आले नव्हते.

पडलेला चंबू

१९०३ सालच्या त्या दिवशी प्रयोगशाळेत आवराआवर चालली होती. उंचावरच्या फळीवरचा एक काचेचा चंबू धक्का लागून फरशीवर पडला. आवाज झाला तो काच फुटल्याचाच. बेनेडिक्टस तुकडे गोळा करायला वाकले, तर तुकडे नव्हतेच. चंबूवर सगळीकडे तडे गेले होते, पण त्याचा आकार तसाच होता. त्यांनी तो उचलून पाहिला. आतल्या बाजूला पातळ, स्वच्छ पापुद्रा होता. त्यातले कलोडियन केव्हाच उडून गेले होते आणि मागे राहिलेला थर काचेला आतून घट्ट चिकटला होता. फुटलेला प्रत्येक तुकडा त्या थराने जागच्या जागी धरून ठेवला होता.

दुसऱ्या कुणी तो चंबू केरात टाकला असता. बेनेडिक्टस यांनी काय घडले याची नोंद चंबूवर केली आणि तो बाजूला ठेवून दिला. नंतर ते ही गोष्ट विसरले. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे आणि त्यात आपल्या विसरण्याची कबुलीही दिली आहे.

आठवण आली ती वर्तमानपत्रामुळे. मोटारी तेव्हा नव्या होत्या. रस्ते घोडागाड्यांसाठी केलेले, ब्रेक कच्चे आणि चालवणारे शिकाऊ. वारा आणि धूळ अडवण्यासाठी समोर जी काच बसवत, ती घराच्या खिडकीला लावतात तशी साधी. टक्कर झाली की ती फुटे आणि बसलेली माणसे पुढे, नेमकी त्या तुकड्यांवर फेकली जात. पॅरिसमधल्या अशा अपघातांच्या बातम्या बेनेडिक्टस यांच्या वाचनात आल्या. काचांनी चेहरा आणि गळा चिरल्या गेलेल्या तरुणींची हकीकत त्यांत होती. माणूस टकरीच्या धक्क्याने नव्हे, तर काचेने जात होता किंवा जन्माचा विद्रूप होत होता.

साध्या काचेच्या जखमा इतक्या वाईट का होतात, याचे उत्तर काचेच्या स्वभावात आहे. काच दाबाला उत्तम टिकते, पण ताणाला कच्ची असते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. काच वाकली की ताण त्या ओरखड्यांच्या टोकांशी एकवटतो. लोखंडासारखा धातू अशा वेळी थोडा वाकून, ताणून वेळ मारून नेतो. काचेला ते जमत नाही. तडा सुरू झाला की तो आरपार पळतो आणि मागे राहतात लांबट, टोकदार पाती. त्यांची धार शस्त्रवैद्याच्या सुरीशी बरोबरी करणारी असते. मानेतल्या रक्तवाहिन्या, डोळे आणि चेहऱ्याच्या हालचाली सांभाळणाऱ्या नसा त्वचेखाली फार खोल नसतात.

बातमी वाचता वाचता बेनेडिक्टस यांना तो चंबू आठवला. ते तडक प्रयोगशाळेत गेले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहिले. हाताशी असलेल्या दाबयंत्रात त्यांनी काचेच्या दोन तावदानांमध्ये सेल्युलॉइडचा पत्रा घालून दाबून पाहिला. संध्याकाळपर्यंत तीन पदरी काचेचा पहिला नमुना हाती आला होता.

एका रात्रीचे आणि सहा वर्षांचे काम

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण त्या रात्रीपाशी थांबतात. प्रत्यक्षात चंबू पडला १९०३ साली आणि बेनेडिक्टस यांनी पेटंट मागितले १९०९ साली. मधली वर्षे नुसती वाट पाहण्यात गेली नसावीत, हे त्या कामाची अडचण पाहिली की कळते. चंबूत पापुद्रा आपोआप, हळूहळू वाळत गेला होता. दोन सपाट काचांमध्ये कोंडलेला ओला थर मात्र लवकर वाळत नाही. बुडबुडे राहतात, पारदर्शकता जाते. म्हणून तयार सेल्युलॉइडचा पत्रा घ्यायचा, तो जिलेटिनने काचांना चिकटवायचा आणि दाब देऊन एकजीव करायचा, अशी रीत बसवावी लागली. काच, प्लॅस्टिक, काच या तीन थरांवरून तिला नाव मिळाले ‘ट्रिप्लेक्स’. १९११ साली फ्रान्समध्ये तिच्या उत्पादनासाठी कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्येही.

अशी कल्पना सुचलेले ते एकटेच नव्हते. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन वूड यांनी दोन काचा एका झाडाच्या राळेने जोडण्याचे पेटंट घेतले होते. पण ती काच बाजारात रुळली नाही. बेनेडिक्टस यांनी एक वेगळी गोष्ट ओळखली होती. फुटणारच नाही अशी काच करण्याच्या मागे ते लागले नाहीत. काच फुटणार हे त्यांनी मान्य केले आणि फुटल्यावर काय होते याकडे लक्ष दिले. काचेचे काम पारदर्शक आणि कठीण राहण्याचे, प्लॅस्टिकचे काम ताणले जाऊन धक्का पचवण्याचे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची. सेल्युलॉइडचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. ओढ बसली की ते एकमेकांवरून सरकतात, ताणतात आणि तुटण्याआधी बरीच ऊर्जा खर्ची घालतात.

मोटार कारखानदारांनी मात्र या काचेचे स्वागत केले नाही. ती महाग होती. शिवाय अपघात टाळणे ही चालवणाऱ्याची जबाबदारी, आपण गाडी चांगली द्यावी एवढेच आपले काम, अशी तेव्हाची समजूत होती. ज्या जखमांच्या बातम्यांनी बेनेडिक्टस रात्रभर जागे राहिले, त्या जखमा टाळणारी काच तयार होती, पण गाड्यांत बसत नव्हती.

तिला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते युद्धात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना लाखो विषवायू मुखवटे लागले. मुखवट्याच्या डोळ्यांपुढे साधी काच असेल, तर जवळ गोळा फुटताच तिचे तुकडे डोळ्यात जाणार आणि त्याच भोकातून वायूही आत शिरणार. तीन पदरी काच तडकली तरी बंद राही. सैनिकाला दिसायला थोडे अडे. पण डोळा आणि श्वास दोन्ही वाचत. वैमानिकांच्या चष्म्यांतही ती वापरली गेली. फुटली तरी भोक पडू द्यायचे नाही, हा गुण पुढे वादळातल्या खिडक्यांसाठी सर्वांत मोलाचा ठरणार होता.

पुन्हा कुंचल्याकडे

युद्ध संपल्यावर बेनेडिक्टस कलेकडे परतले. १९२०चे दशक त्यांच्या नक्षीकामाचा बहराचा काळ. १९२४ साली ‘व्हारियास्यों’ हा त्यांचा आराखड्यांचा संच प्रसिद्ध झाला. त्यातले प्रत्येक चित्र छापाच्या पत्र्यांतून हाताने रंगवलेले होते. फुले, कारंजी, लाटा आणि भौमितिक आकार यांचे त्यातले मेळ पुढे ‘आर्ट डेको’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीचे नमुने म्हणून आजही संग्राहक जपतात. १९२५च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांच्या नक्षीची कापडे मांडलेली होती.

इकडे काचेचेही दिवस पालटत होते. अमेरिकेत रस्त्यांवर गाड्या वाढल्या, बंद टपाच्या गाड्या आल्या आणि काचेचे क्षेत्रफळ वाढले, तशा जखमाही वाढल्या. १९२७च्या अखेरीस फोर्ड कंपनीचे ‘मॉडेल ए’ बाजारात आले. त्याच्या समोरच्या काचेत प्लॅस्टिकचा थर होता. सामान्य माणसाच्या गाडीत ही काच पोहोचली ती अशी, चंबू पडल्यानंतर जवळपास पाव शतकाने.

तिच्यात दोष होते. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायट्रोसेल्युलोजचे विघटन होई, त्यामुळे काही वर्षांत काच पिवळी, मग तपकिरी पडे. कडांतून दमट हवा शिरली की थर सुटे आणि बुडबुडे दिसू लागत. म्हणून कडा डांबरासारख्या पदार्थाने बंद कराव्या लागत. या अडचणींवर पक्का उपाय निघालेला पाहणे बेनेडिक्टस यांच्या नशिबी नव्हते. १९३० साली ते वारले. त्याच वर्षी त्यांचा शेवटचा नक्षीसंच ‘रले’ प्रसिद्ध झाला.

उपाय आला त्याच दशकाच्या अखेरीस. पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजेच पीव्हीबी, हे प्लॅस्टिक रबरासारखे ताणले जाते, काचेला नुसत्या उष्णतेने आणि दाबाने चिकटते आणि उन्हात पिवळे पडत नाही. जिलेटिनची गरज उरली नाही. तरी एक उणीव राहिलीच होती. मधला थर पातळ असे, त्यामुळे जोराच्या टकरीत डोके काच भेदून बाहेर जाई आणि परत येताना भोकाच्या धारदार कडांनी चेहरा व मान कापली जाई. १९६६च्या सुमारास अमेरिकन गाड्यांत थराची जाडी दुप्पट करून पाऊण मिलिमीटर करण्यात आली, काचेशी त्याची पकड थोडी सैल ठेवली गेली, आणि डोके भेदून जाण्याऐवजी काच पोटासारखी फुगून त्याला झेलू लागली. चेहऱ्याच्या खोल जखमांचे प्रमाण त्यानंतर ठळकपणे खाली आले.

वारा घरात शिरला की

घरांच्या खिडक्यांना हा धडा मिळायला १९९२ साल उजाडावे लागले. २४ ऑगस्टच्या पहाटे ‘अँड्र्यू’ हे चक्रीवादळ मायामी शहराच्या दक्षिणेला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६५ किलोमीटर. पंचवीस हजारांहून अधिक घरे पूर्ण नष्ट झाली, एक लाखाहून अधिक घरांचे नुकसान झाले. अभियंते पडझड पाहत फिरले तेव्हा त्यांना एक क्रम पुन्हा पुन्हा दिसला. आधी खिडकी किंवा दार फुटले, मग छप्पर गेले, मग भिंती.

त्यामागचे कारण सोपे आहे. वारा छपरावरून वाहतो तेव्हा ते वर ओढले जाते. घर बंद असेपर्यंत छपराला एवढाच जोर सोसावा लागतो. वाऱ्याच्या तोंडावरची एक खिडकी फुटली की वारा आत कोंडतो आणि छपराला आतूनही वर ढकलू लागतो. भर वाऱ्यात छत्री उलटी होते, तसेच घराचे होते. त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. आणि खिडक्या बहुधा नुसत्या दाबाने फुटत नाहीत. शेजारच्या घराची कौले, वासे, गच्चीवरची खडी, मोडलेल्या फांद्या वारा आणून त्यांच्यावर आपटतो.

म्हणून १९९४ पासून दक्षिण फ्लोरिडात नव्या इमारतींसाठी नियम कडक झाले. खिडकीला आधी परीक्षा द्यावी लागते. सुमारे चार किलो वजनाचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून सेकंदाला १५ मीटर वेगाने तिच्यावर मारतात. साधारण बारा मीटर उंचीवरून वासा उभा खाली सोडला तर जेवढा जोर बसेल, तेवढा हा जोर असतो. उंच मजल्यांवर वासे पोहोचत नाहीत, खडी पोहोचते. तिथल्या काचांवर पोलादाच्या छोट्या गोळ्या मारतात. काच तडकली तर हरकत नाही. खरी परीक्षा त्यानंतरची असते. त्याच तडकलेल्या खिडकीवर हवेचा दाब आत-बाहेर असा नऊ हजार वेळा दिला जातो, कारण वादळाचे झोत तासन्‌तास येत राहतात. एवढे होऊनही तिच्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी फट पडता कामा नये.

या परीक्षेत टफन्ड काच नापास होते. ती साध्या काचेपेक्षा दणकट असते आणि फुटली तर तिचे बोथट दाणे होतात, म्हणून जखम कमी. पण सगळे दाणे एकदम गळून पडतात आणि खिडकीच्या जागी भोक उरते. उतरते ती बेनेडिक्टस यांच्या जातीची काच. तिच्यातला प्लॅस्टिकचा थर मोटारीतल्या काचेच्या तिप्पट, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास असतो. नुसता थर पुरत नाही. फुटलेली काच ओल्या गोधडीसारखी लोंबू लागते. तिला चौकटीत सिलिकॉनने पक्के धरावे लागते आणि चौकट भिंतीत खोल रुतलेली असावी लागते. एखादी कडा सुटली की सगळी मेहनत वाया जाते.

दुसरा मार्ग काचेशिवायचा. १९५३ साली जर्मनीत हरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेट तयार केले. हे पारदर्शक प्लॅस्टिक घाव बसला तर वाकते, पण सहसा फुटत नाही. वादळाची सूचना आली की त्याचे पन्हळी किंवा सपाट पत्रे खिडक्यांवर बाहेरून बसवतात. प्लायवूडपेक्षा ते हलके पडतात आणि वीज गेल्यावर घरात दिवसाचा उजेडही येऊ देतात. पण त्यावर लवकर ओरखडे पडतात, संरक्षक लेप नसेल तर ते उन्हाने पिवळे पडते आणि उन्हाळ्यात काचेपेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते, म्हणून बसवताना जागा सोडावी लागते.

या चिवटपणाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. जी खिडकी बाहेरचा वासा आत येऊ देत नाही, ती आग लागल्यावर आतल्या माणसाला सहज फोडता येत नाही. म्हणून अशा घरात निदान काही खिडक्या आतून चटकन उघडता यायला हव्यात आणि त्या कोणत्या, हे घरातल्या लहानथोरांना माहीत असायला हवे.

कोकणात ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात किनाऱ्याला घासून गेलेले ‘तौक्ते’ या वादळांनी कौले आणि पत्रे गावभर उडवले. जुन्या कोकणी घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा असत. त्या बंद केल्या की निम्मे काम होई. नव्या बांधकामात झडपा गेल्या आणि मोठ्या सरकत्या काचा आल्या. प्रत्येकाला महागडी काच परवडणार नाही. पण बाहेरून घट्ट बसणारी झडप किंवा जाड प्लायवूड हे काम बरेचसे करते. काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्याने मात्र काच मजबूत होत नाही; उलट फुटताना मोठे तुकडे एकत्र सुटू शकतात. हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवणे तर वाऱ्याला घरात बोलावणेच. झोत सुरू असताना खिडक्यांपासून दूर, घराच्या आतल्या खोलीत बसणे सर्वांत बरे.

फ्लोरिडातल्या अशा प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात ती कोणती परीक्षा उतरली आहे याची बारीक, न पुसणारी नोंद असते. तशीच नोंद आपल्या गाडीच्या समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातही असते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्यांवरचा शिक्का वेगळा असतो. पुढच्या वेळी काच बदलून घ्याल तेव्हा दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी कोपऱ्यातली ती अक्षरे एकदा वाचून घ्या.